तारा अर्ध्यात काढल्या

माझ्या बायकोचे वरचे दात पुढे होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण ती गेल्यापासून लोक तिचं सगळं गोड करून सांगतात. पुढे होते म्हणजे होते. ओठ मिटले तरी दोन दात जरा बाहेर राहायचे. आमच्या लग्नात माझी एक चुलती मांडवातच म्हणाली होती, "हिले नारळ सोलायले ठेवा, कोयता लागणार नाई." सगळे हसले, मीही हसलो. नवरीनं पदर तोंडावर ओढला, आणि तो पदर पुढे जन्मभर तिथंच राहिला. हसू आलं की आधी हात वर जायचा, मग हसू बाहेर यायचं. भेंडी तोडताना हाताला खाज सुटलेली असो, बायकांत काही चेष्टामस्करी होवो, तशाच हातानं पदर तोंडावर जायचा. मी इतकी वर्षं ते पाहिलं आणि मला वाटलं, ही हिची हसायची तऱ्हा आहे.

मी चौथी शिकलो. जसं बोलतो तसंच लिहितो, त्यामुळे कुणाला राग आला तर येऊ द्या.

आमचं गाव जानेफळच्या बाजूला. थोडी शेती आहे, तीत भाजीपाला करतो. भेंडी, टमाटे, कोथिंबीर, जमलं तर काकडी. घरी मुलगा, सून आणि त्यांची एकुलती मुलगी, म्हणजे माझी नात. नातीचे दुधाचे दात पडून नवे आले तेव्हा माझी बायको तिची हनुवटी धरून उजेडाकडे न्यायची आणि तोंडात पाहायची. एकदा मला म्हणाली, "नाक तुमचं आलं, दात माहे आले. पोट्टीनं मोठी कमाई केली."

मी म्हटलं, "वाढन तसे सरळ होतीन."

"माहे झाले का?"

नात सहावी-सातवीत असताना शाळेत दातांचे डॉक्टर तपासायला आले होते. त्यांनी सांगून पाठवलं होतं, हेच वय आहे, आता तारा लावून घ्या. घरात त्याची चर्चा झाली ती एका जेवणापुरती. मुलगा म्हणाला, शहरातल्या लोकांचे हे चाळे आहेत. सून म्हणाली, पोरीच्या जातीला तोंडात लोखंड कशाला. बायको म्हणाली, जाऊन तर पाहू. पण तिचं म्हणणं तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, आणि थापता थापता सांगितलेलं आमच्याकडे कुणी ऐकत नाही.

नात दहावीला गेली. एक दिवस बायको शेतात आली आणि बांधावरच बसली. पाणी द्यायला आली होती, पण तांब्या तिच्याच हातात राहिला.

"तुम्ही पाह्यलं का?" ती म्हणाली.

"काय?"

"पोट्टी बी झाकते आता. मैतरीण काही बोलली, हे हसली, अन् ओढणी गेली तोंडावर. माह्यावानीच."

नंतर तिनं कुणाला विचारलं नाही. बारावीचा निकाल लागला, नात मेहकरला कॉलेजात जाऊ लागली, तेव्हा तिनं मला सांगितलं, विचारलं नाही, सांगितलं, "रव्वारी मेहकरले जायाचं आहे. तुम्ही बी चला. डॉक्टर तुमच्याशी बोलन, मले समजणार नाई." समजायचं तिलाच जास्त, पण तिची बोलायची पद्धत तशी होती.

मेहकरच्या त्या दवाखान्यात रोजचे डॉक्टर दाढ काढतात, सिमेंट भरतात. तारांचं काम करणारी डॉक्टरीण बाहेरगावाहून येते, महिन्यातून एकदा, दुसऱ्या रविवारी. वयानं आमच्या नातीपेक्षा फार मोठी नसेल असं वाटलं. तिनं नातीचं तोंड पाहिलं, फोटो काढायला लावला, आणि म्हणाली, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं, आजी. बारा-तेराव्या वर्षी हाड कोवळं असतं. आताही होईल, पण वेळ लागेल. दोन वर्षं तरी धरून चाला. आणि दर महिन्याला यायचं. एक खेप चुकली की मागचं काम ढिलं पडतं."

बायको म्हणाली, "येऊ बाई. एसटी आहे."

मग डॉक्टरीण म्हणाली की चार दात काढावे लागतील. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "कीड नाई, काही नाई, चांगले दात काऊन काढता?" तिनं समजावलं की जबडा लहान आहे, दातांची गर्दी झाली आहे, पुढचे दात मागे घ्यायचे तर जागा पाहिजे. मला ते पटेना. तेव्हा बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "काकडीची विरळणी करता का नाई तुम्ही? चांगली रोपं उपटून फेकता. तवा नाई विचारत, काऊन उपटली म्हून."

डॉक्टरीण हसली. तारा कशा काम करतात तेही बायकोनंच मला परत येताना एसटीत सांगितलं. टमाट्याला बांबू आणि तार लावतो तसं आहे. झाड वाढलं की सुतळी सोडायची आणि वर बांधायची. एकदा बांधून सुटका नाही. मधेच सोडलं तर झाड लोळतं. मी म्हटलं, हे मला शिकवते का. ती म्हणाली, "तुम्हाले टमाट्याचं समजते, दाताचं नाई."

काढलेले दात तिनं रुमालात बांधून घरी आणले. दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून घरावर फेकायचा, ही आमच्याकडची रीत. हिनं कॉलेजात जाणाऱ्या पोरीचे चारही दात शेणात घातले आणि टिनांवर टाकले. एक गोळा घरंगळत खाली आला, तो पुन्हा फेकला. नात म्हणे, "आजी, शेजारचे पाहून राह्यले." आजी म्हणाली, "पाहू दे. नवे दात मांगून नाई राह्यली मी. जागा मांगून राह्यली."

तिथून आमच्या घरात दुसरा रविवार आला. पहिली एसटी पकडायची म्हणून सकाळी चूल लवकर पेटायची. ती कधी मोकळ्या हातानं गेली नाही. डॉक्टरणीसाठी कोथिंबिरीच्या जुड्या, कधी भेंडी, कधी हिरवी मिरची. डॉक्टरीण म्हणायची, आजी, मी बाहेर जेवते, याचं करू काय? बायको म्हणायची, "घरी कोणी तं असन." दवाखान्यातून निघाल्या की दोघी बालाजीच्या देवळात जायच्या आणि दुपारच्या गाडीनं परत. नातीचे दात त्या दिवशी दुखायचे. मग खिचडी, नाही तर दुधात भाकरीचा काला. तार गालाला टोचली तर लावायला डॉक्टरणीनं मेण दिलं होतं, ते मेण आजीच्या पदराच्या गाठीत असायचं. हुरड्याच्या दिवसांत नातीला दाणे चावता येईनात, तर हिनं ते वाटून दिले. मी म्हटलं, वाटलेला हुरडा कुणी खाते का. ती म्हणाली, "तुमची कवळी आली की तुम्हाले बी देईन."

तारांवर छोटी रंगीत रबरं बसवतात. दर महिन्याला नवी. रंग पोरीनं निवडायचा. एकदा नात म्हणाली, आजी, तू सांग. आजीनं हिरवा सांगितला, आणि पुढे दर महिन्याला तोच चालू राहिला. नात घरी आली तर दातांत मिरच्यांचं पीक आल्यासारखं दिसत होतं. सून कपाळाला हात लावून बसली. आजी-नात दोघी हसत होत्या. एकीचा पदर वर होता. दुसरीचा हात मात्र खालीच होता. मी तेव्हा ते नुसतं पाहिलं. आज वाटतं, तिनं ते मोजून ठेवलं असणार.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला नंतर कळली. बायको गेल्यावर नातीनं सांगितली. एका रविवारी नातीचं काम होईस्तोवर आजी खुर्चीजवळ उभी होती. डॉक्टरणीनं आरसा दाखवला, दात किती मागे आले ते सांगितलं. आजीनं खूप वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाई, माहे होतीन का?" डॉक्टरीण हसली, मदतनीस पोरगी हसली, नात हसली. आजीही हसली, पदरातून. डॉक्टरणीनं चांगुलपणानं सांगितलं की आजी, आता हिरड्या सुटल्या आहेत, दात धरणार नाहीत, त्रासच होईल. आजी म्हणाली, "गंमत केली." पण त्या दिवशी ती देवळात गेली नाही, आणि एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली.

तारा लावून वर्ष उलटलं होतं. पुढचे दात बरेच मागे आले होते, काढलेल्या दातांच्या जागा अर्ध्या बुजल्या होत्या. पौषात एक दिवस सकाळी ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. छातीत कळ आली म्हणाली. गाडी आणली, तिला मेहकरला नेलं, पण पोहोचायच्या आधी ती गेली. जास्त काही सांगण्यासारखं नाही. जुड्या अर्ध्या बांधलेल्या ओट्यावर पडल्या होत्या, त्या दुसऱ्या कुणीतरी उचलल्या.

सुतकातच दुसरा रविवार आला आणि गेला. कुणाच्या ध्यानात नव्हतं. नातीच्या ध्यानात असणारच, पण ती बोलली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही भेटायला माणसं येतच होती. आमच्याकडे रविवारीच सगळे येतात, आणि घरातल्या बायका भेटीचं रडणं सोडून दवाखान्यात गेल्या असं चालत नाही. असे दोन रविवार गेले. नातीच्या तारांवर आजीनं सांगितलेली हिरवी रबरं तशीच होती. रोजच्या हळदीनं ती पिवळट पडली होती, वाळल्या पाल्यासारखी.

त्याआधी, तेरवीच्या दिवशीच, जेवणं झाल्यावर माझा साळा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, माझ्याजवळ येऊन बसला. माणूस वाईट नाही. बहिणीसाठी मनापासून रडला होता.

"दाजी," तो म्हणाला, "आता एक पाहा. घरात माणूस गेलं, तं वर्षाच्या आत शुभकार्य झालं पाह्यजे. नाई तं तीन वर्षं करता येत नाई."

मी म्हटलं, "मले माहीत आहे."

"पोट्टी वीस वर्षांची आहे. तीन वर्षं थांबसान?"

ही रीत मला नवी नव्हती. माझी आई गेली तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आम्ही असंच वर्षाच्या आत उरकलं होतं, आणि तेव्हा सगळी धावपळ माझ्या बायकोनंच केली होती. त्यामुळे घरातलं दुसरं कुणी गेलं असतं तर ती थांबली असती असं मी म्हणत नाही. रीत तिनंही पाळली असती. पण पोरीला तिनं तारांसकट बोहल्यावर उभं केलं असतं.

साळ्यानंच स्थळ आणलं. साखरखेर्ड्याचं. मुलाचं बी-खताचं दुकान, घरची शेती, आई-बाप समजूतदार. होळी झाल्यावर ते पाहायला येणार असं ठरलं. तेव्हा घरातल्या बायका जमल्या आणि विषय निघाला तारांचा. सून म्हणाली, "तोंड उघडलं की लोखंड दिसते. त्याहीले काय वाटन?" कुणी म्हणालं, पोरीत काही व्यंग आहे असं समजतील. कुणी म्हणालं, लग्नाचे फोटो जन्मभर राहतात. साळा म्हणाला, "त्यात काय, काढून घ्या. लग्न झालं की पुन्हा लावा." सगळ्यांना ते एकदम पटलं. जसं काही नथ काढून डब्यात ठेवायची आहे.

नात चुलीजवळ बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "आबा, आजी असती तं?"

मी म्हटलं, "आजी असती तं ही घाईच कायले असती?"

माझं उत्तर खरं होतं. पण तिनं ते विचारलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी मी, सून आणि नात मेहकरला गेलो. डॉक्टरणीला आजी गेल्याचं माहीत नव्हतं. तिनं दारात पाहिलं, आजी कुठं आहेत विचारलं. आम्ही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून दोन महिने आला नाहीत. मी फोन करणार होते." नातीच्या तोंडात पाहून म्हणाली, "ठीक आहे, फार बिघडलं नाही. आज घट्ट करू."

सून म्हणाली, "घट्ट नाई करायचं. काढायच्या आहेत."

डॉक्टरणीनं आरसा खाली ठेवला. सुनेनं सगळं सांगितलं, पाहुणे, वर्षाची मुदत, लग्न. डॉक्टरीण शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "लग्न तारा असतानाही होतं. माझ्या कितीतरी पेशंटची झाली. पुढून दिसू नये म्हणून दाताच्या रंगाच्या पट्ट्या बसवून देते. पण काढू नका. जागा अजून उघडी आहे. आता सोडलं तर पुढचे दात पुन्हा पुढे येतील आणि मधे फट राहील ती राहीलच. काढलेले दात काही परत येणार नाहीत."

सून म्हणाली, "लग्न झालं की लगेच येतो ना जी. चार महिन्यांचा तं सवाल आहे."

"दात चार महिने थांबत नाहीत," डॉक्टरीण म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्ही सांगा."

मी सांगायला पाहिजे होतं. मला सगळं समजत होतं. फळं लागलेली असताना बांबू काढले तर झाडाचं काय होतं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पण त्या दिवसांत मला कशाचाच जोर नव्हता. घरात कुणी काही ठरवलं की बरं वाटायचं, निदान आपल्याला ठरवावं लागत नाही म्हणून. मी म्हटलं, "घरचे म्हणतात तसं करा."

नात खुर्चीत आडवी पडली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, वरच्या दिव्याकडे पाहिलं. डॉक्टरणीनं तारा काढल्या, दात घासून साफ केले, माप घेतलं. दुपारपर्यंत दात जागेवर धरून ठेवणारी एक प्लेट बनवून मिळाली, टाळूला बसणारी, निळ्या गोल डबीत. ती दिवस-रात्र लावायची, जेवतानाच काढायची. निघताना डॉक्टरीण नातीला म्हणाली, "ही एक रात्रही विसरू नकोस. आणि लग्न झालं की नवऱ्याला घेऊन ये. मी दुसऱ्या रविवारी इथंच असते."

पाहुणे आले, पसंती झाली, वैशाखात लग्न लागलं. पोरगी चांगली दिसत होती, ते काही खोटं नाही. फोटोवाला म्हणायचा, हसा, आणि ती हसायची. मला तेव्हा वाटलं, झालं, हिच्या आजीचं काम झालं. हेच मी चुकीचं समजलो.

वरात गेल्यावर दोन-तीन दिवसांनी मी दाढी करायला आरसा घेतला, तर देवळीत आरशामागे ती निळी डबी. हळदीच्या गडबडीत अंघोळीच्या वेळी तिनं काढून ठेवली असणार आणि तिथंच राहिली. मी सुनेला दाखवली. सून म्हणाली, "राहू द्या मामाजी, मांडवपरतणीले येईन तवा नेईन." मलाही ते बरोबर वाटलं. पण मांडवपरतणी बऱ्याच दिवसांनी झाली, कारण तिकडे कुणाचं आजारपण निघालं. ती आली तेव्हा मी सगळ्यात आधी डबी हातात दिली. तिनं आरशासमोर उभं राहून प्लेट बसवायचा प्रयत्न केला. अंगठ्यानं दाबली. पुन्हा दाबली. बसली नाही. तिनं ती धुतली, डबीत ठेवली, झाकण लावलं.

मी विचारलं, "काऊन?"

ती म्हणाली, "लहान झाली, आबा." प्लेट कशी लहान होईल.

मी म्हटलं, जवाईबापूला सांग, मेहकरला जाऊन ये. ती म्हणाली, नवीन घरात महिन्या महिन्याला दवाखाना कसा काढू, लोक म्हणतील आजारी पोरगी दिली. मी जास्त ताणलं नाही. तिकडच्या लोकांना वाटत होतं तारा निघाल्या म्हणजे काम पूर्ण झालं. इकडच्या लोकांना वाटत होतं आता ती तिकडची आहे, ते पाहतील. मधे दुसरे रविवार येत राहिले.

या दिवाळीला ती आणि जवाई आले. तिला दिवस गेले आहेत. घरात आनंद होता, आणि असू द्या. मी ओट्यावर बसलो होतो, ती सुनेशी काही बोलत आतून आली, सून काहीतरी म्हणाली, आणि नात हसली. ओठ उघडले तेव्हा पुढचे दोन दात दिसले, बाहेर आलेले. बाजूला फट, तीही पहिल्यापेक्षा मोठी. आणि तिचा हात वर गेला.

जवाई माझ्याजवळच होता. पोरगा मोकळा आहे. म्हणाला, "आबा, एक विचारू? इच्या तारा काऊन काढल्या होत्या?"

मी म्हटलं, "तुम्ही पाहायले येणार होते म्हून."

"आमच्यासाठी?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "आम्हाले तं माहीतच होतं. आजीच्या भावांनी जो फोटो धाडला होता त्यात तारा दिसतच होत्या."

त्यानं मोबाइल काढला आणि फोटो दाखवला. साळ्याच्या नातवाच्या लग्नातला, तुळशीचं लग्न लागल्यानंतरचा, माझी बायको गेली त्याच्या दोन महिने आधीचा. मेहकरला झालं होतं ते लग्न. जेवणाच्या रांगेत दोघी उभ्या आहेत, आजी आणि नात. कुणीतरी काही बोललं असेल, दोघी हसत आहेत. नातीचं तोंड उघडं, दातांवर तारा, हिरवी रबरं. आणि तिच्या शेजारी माझी बायको. एका हातात ताट, दुसऱ्या हातात वाटी. पदर घ्यायला हात मोकळा नव्हता. सगळे दात दिसत आहेत.

इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. भिंतीवर तिचा जो फोटो आहे तो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे, ओठ मिटून, जशी काही कुणावर रागावली आहे.

जवाई म्हणाला, "आईनं हाच फोटो पाहून हो म्हटलं. म्हणे, आजी-नात किती मोकळ्या मनाच्या आहेत."

साळा पाडव्याला आला तेव्हा मी त्याला तो फोटो दाखवला. म्हटलं, तुम्हीच हा धाडला, अन् तुम्हीच तारा काढायले लावल्या. त्यानं चष्मा वर करून पाहिलं. म्हणाला, "दाजी, धाडताना म्या पोट्टीच्या साडीकडे पाह्यलं." त्याला काय बोलणार. आम्ही सगळ्यांनी दुसऱ्यांच्या मनातलं स्वतःच ठरवलं. विचारलं कुणीच नाही, ना डॉक्टरणीचं ऐकलं, ना पोरीचं.

भाऊबीज झाल्यावर दुसरा रविवार पाहून जवाई स्वतः तिला मेहकरला घेऊन गेला. मीही गेलो, कोथिंबीर घेऊन. डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, बाळंतपण होऊ द्या, मग नवीन फोटो काढून पुन्हा सुरुवात करू. पहिल्यापासून. पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागेल, आणि आधी होतं तितकं चांगलं होईलच असं सांगता येत नाही. जवाई म्हणाला, मी आणत जाईन. नात म्हणाली, पाहू.

येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती, जवाई पुढे उभा होता. ती हळूच म्हणाली, "आबा, राहू देऊ का असेच? लेकराचं करायचं, घरचं करायचं, कुठं दर महिन्याले येऊ. अन् सगळे म्हणतात, आता मी आजीवानीच दिसते."

घरातही सगळे तेच म्हणतात. सून म्हणते, साळा म्हणतो, शेजारच्या बायका म्हणतात. आजी गेली पण नातीत राहिली, असं म्हणून डोळे पुसतात. त्यांना त्यात बरं वाटतं. मला वाटत नाही. माणूस गेल्यावर लोक त्याची लुगडी ठेवतात, काठी ठेवतात. ठेवू द्या. पण ही जी वस्तू पोरीच्या तोंडात उरली आहे, ती तिच्या आजीला ठेवायची नव्हती. तीच एक काढून टाकायची होती तिला.

मी म्हटलं, "पोरी, तुह्या आजीले ते नको होतं. ना तिचं, ना तुहं."

ती म्हणाली, "मंग तुम्ही यासान का दर रव्वारी संग?"

"दुसऱ्या रव्वारी. हाव. लेकराले मी धरीन."

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुम्हाले भेंडीची टोपली धरता येत नाई सरळ. आजी म्हणे, आबाच्या हाती दिलं की अर्धं रस्त्यावर."

आणि ती हसली. तिचा हात तोंडावर गेला. तो हात धरून खाली घ्यावा असं माझ्या मनात आलं, पण मी घेतला नाही. सवयच नाही. तिच्या आजीचा पदरही मी कधी खाली घेतला नव्हता.